तीन प्लगांचा क्रम

ताई,

तू गेल्याला आज तेवीस दिवस झाले. तुझ्याविषयी जे छापून यायचं होतं ते आलं. जन्म, शिक्षण, आयटीआयच्या मोटार मेकॅनिक विभागातली नोकरी, निवृत्ती, पश्चात पती. दोन कॉलम, फोटोसह. मजकूर मीच तपासला. त्यात एकही तपशील चुकीचा नव्हता.

जे त्यात आलं नाही ते तीन स्पार्कप्लगांविषयीचं आहे. ते तुला सांगायला हवं होतं आणि मी सांगितलं नाही. आता क्रमानं लिहितो.

मी गाडी घेतली तेव्हा तू बॉनेट उघडून पाच मिनिटं आत डोकावत होतीस. एक लिटरचं, तीन सिलिंडरचं, टर्बो बसवलेलं पेट्रोल इंजिन. मग म्हणालीस, "इंजिन लहान आणि हवा मोठी. तुझ्यासारखंच आहे." भाऊजी हसले. माझ्या पेपरावरून तू मला रोजच बोलायचीस. एकाच माणसाचं वय पहिल्या परिच्छेदात बावन्न आणि चौथ्यात सत्तावन्न छापून आलं, तर सकाळी साडेसातला तुझा फोन यायचा. "काय रे पेपरवाल्या, तो बिचारा बातमी वाचता वाचता म्हातारा झाला."

मागच्या डिसेंबरात प्लग बदलायची वेळ आली. मी गाडी वर्कशॉपला टाकतो म्हणालो. तू म्हणालीस, "मी मेले का?" तेव्हा हे वाक्य कुणालाच खटकलं नाही.

आपण सुट्या भागांच्या दुकानात गेलो. तुला कंपनीनं सांगितलेल्या प्लगपेक्षा एक पायरी थंड प्लग हवा होता. थंड म्हणजे स्वतःची उष्णता लवकर बाहेर टाकणारा. तुझं म्हणणं, आपल्याकडचा उन्हाळा, टर्बोची जादा हवा, त्यात मला खुलताबादचा घाट चौथ्या गिअरमध्ये चढायची सवय. प्लगचं टोक तापून लाल झालं तर ठिणगीआधीच पेट्रोल पेटेल. मी गाडीचं पुस्तक पुढे केलं. पुस्तकात एक क्रमांक छापलेला होता, तोच घ्यायचा हे माझं म्हणणं.

"पुस्तक लिहिणारा दौलताबादला आला होता का मे महिन्यात?"

"लिहिणाऱ्यानं चाचण्या केल्या असतील ना ताई."

"तुला छापलेलं सगळं खरं वाटतं. छापणारा असून."

दुकानदार काउंटरवर कोपर टेकून ऐकत होता. शेवटी म्हणाला, "मॅडम, भाईसाब की गाडी है, उनकी सुन लो ना." तू त्याच्याकडे न बघता म्हणालीस, "गाडी त्याची आहे, इंजिन माझं आहे." पण ऐकलंस माझं. पुस्तकातलाच क्रमांक घेतलास, इरिडियमचा. बाजारात नकली फार असतात म्हणून पिशवीतलं भिंग काढून प्रत्येकाचं टोक पाहिलंस. ते पेन्सिलीच्या शिसाहून बारीक असतं. दुकानदार म्हणाला, "सब ओरिजिनलच है मॅडम." तू म्हणालीस, "मग घाबरतोस कशाला, बघू दे." थंड प्लगचा वाद तू पुढच्या वेळेवर ढकललास. तो तिथेच आहे.

रविवारी सकाळी मी गारखेड्याहून गाडी घेऊन हर्सूलला तुझ्याकडे आलो. आल्या आल्या तू किल्ली काढून घेतलीस आणि दोन तास इंजिनला हात लावू दिला नाहीस. तापलेल्या अ‍ॅल्युमिनियमच्या हेडमधून, म्हणजे इंजिनाच्या वरच्या झाकणातून, प्लग काढला की आटे सोलून निघतात. तेवढ्या वेळात भाऊजींनी पोहे केले. तू मला समजावून सांगितलंस की टर्बोच्या इंजिनात प्लगची फट कमी का ठेवतात. आत हवा इतकी दाबलेली असते की फट मोठी असली तर ठिणगी उडी मारतच नाही, विझते. म्हणालीस, "जत्रेतल्या गर्दीत पोराचं बोट सोडतं का कुणी? दोन टोकं जवळच ठेवायची." मी ते वहीत लिहून घेतलं. तू विचारलंस, छापणार आहेस का. मी म्हणालो, सवय आहे.

मग तू काम केलंस. आधी पंपानं हवा मारून तिन्ही खड्ड्यांतली माती उडवलीस. जुने प्लग काढून वर्तमानपत्रावर एक, दोन, तीन असे ओळीनं ठेवलेस. तिन्ही बिस्किटाच्या रंगाचे. "तब्येत चांगली आहे," म्हणालीस. नव्या प्लगांची फट तारेच्या गेजनं हलक्या हातानं मोजलीस, टोकाला धक्का न लावता. प्रत्येक प्लगच्या मागच्या टोकाला रबरी नळीचा वीतभर तुकडा लावून तो नळीनंच फिरवत आत सोडलास. आटे वाकडे लागले तर हाताला कळायच्या आत नळी घसरते आणि हेड वाचतं. शेवटी टॉर्क पान्यानं आवळलेस. तो ठरलेल्या जोरावर टक् असा वाजतो. तीन टक् झाले.

बसवण्याआधी तू एक गोष्ट केली होतीस. नेलपॉलिशची बाटली काढून पहिल्या प्लगच्या षटकोनावर एक ठिपका दिलास, दुसऱ्यावर दोन, तिसऱ्यावर तीन. गडद मरून रंग, मोहरीएवढे ठिपके. तीस वर्षं तुझ्या विद्यार्थ्यांनाही तू हेच करायला लावलंस. प्लग ज्या सिलिंडरमधून निघाला त्याच सिलिंडरची हकिगत सांगतो. जागा बदलली की ती हकिगत दुसऱ्याच्या नावावर जाते. विभागातल्या मुलांनी त्यावरून तुला नेलपॉलिश मॅडम नाव ठेवलं होतं. तुला ते माहीत होतं.

त्या दिवशी मी आणखी एक गोष्ट पाहिली. नळी फिरवताना तुझा उजवा हात थरथरत होता. फार नाही. आणि गेज कुठे ठेवला हे तू मला दोनदा विचारलंस. गेज दोन्ही वेळा तुझ्या मांडीवर होता.

सोमवारी ऑफिसला जाताना मी गाडी वर्कशॉपला नेली. तिथल्या माणसाला म्हणालो, कालच प्लग बसवलेत, नीट बसलेत का एवढं पाहा. इंजिन निवल्यावर त्याने तिन्ही प्लग काढले, एका ताटलीत ठेवले, पाहिले आणि पुन्हा बसवले. मी काचेपलीकडे चहा घेत उभा होतो. तो बाहेर येऊन म्हणाला, "कोणी बसवलेत? एकदम बरोबर आहेत. काही करायची गरज नाही."

आमच्या कामात कुणाचाही मजकूर दुसऱ्याच्या डोळ्याखालून गेल्याशिवाय छापायला जात नाही. तीस वर्षं नोकरी झालेल्याचाही नाही. त्यात कुणाला अपमान वाटत नाही, कारण ते समोरासमोर होतं. मी तुझं काम तुझ्या पाठीमागे तपासून घेतलं. तरी त्या माणसानं जे सांगितलं ते मी तुला त्याच संध्याकाळी सांगू शकलो असतो. तू मला शिव्या दिल्या असत्यास आणि आठवडाभर खूश असतीस.

पाच महिने काही झालं नाही. मे महिन्यात गाडी घाटात झटके मारायला लागली. सपाटीवर ठीक, चढावर टर्बोचा जोर आला की धक्का. तुला फोनवर सांगितलं तर तू म्हणालीस, ठिणगी कुठेतरी गळतेय, घेऊन ये.

ती दुपार मला तपशीलवार आठवते. तू अंगणात मोठी छत्री बांधली होतीस आणि इंजिन निवेपर्यंत थांबलीस. पहिल्या सिलिंडरवरची, प्लगला वीज देणारी कॉइल काढलीस, प्लग सोडवलास, नळीनं वर उचललास आणि उजेडात धरलास. त्यावर दोन ठिपके होते.

तू दुसरा काढलास. त्यावर एक. तिसऱ्यावर तीन.

वर्कशॉपमधली ताटली माझ्या डोळ्यांसमोर आली. त्या माणसाची त्यात काही चूक म्हणता येणार नाही. प्लगांची अदलाबदल झाल्यानं गाडीला काही होत नाही, आणि ते ठिपके कशाचे हे त्याला कुणी सांगितलेलं नव्हतं.

तू ते दोन प्लग तळहातावर घेऊन बराच वेळ पाहत राहिलीस. मग विचारलंस, "मधे कोणी उघडलं होतं का रे?"

मी म्हणालो, "नाही."

लगेच म्हणालो. आयुष्यभर मी लोकांना प्रश्न विचारले आहेत आणि उत्तराआधी माणूस किती थांबतो यावरून अंदाज बांधले आहेत. मी अजिबात थांबलो नाही, म्हणून तुला शंका आली नाही. खरं सांगितलं असतं तर पुढचा प्रश्न, कशाला नेली होतीस, हा होता. त्याचं उत्तर तुझ्या हातापाशी येत होतं. तेवढं मला टाळायचं होतं.

तू म्हणालीस, "मग मीच."

भाऊजी सरबत घेऊन आले होते. तू त्यांना म्हणालीस, "अहो, मी एकचा दोनात घातला." ते म्हणाले, "असू दे गं, गाडी चालली ना." तू त्यांच्याकडे पाहिलं नाहीस.

त्यानंतर तू अर्ध्या तासात खरा दोष शोधलास. हे मला नोंदवून ठेवायचं आहे. प्लगांची फट बरोबर होती. तू कॉइली आलटून पालटून लावून पाहिल्यास, इंजिनावर जोर यावा म्हणून मला ब्रेक दाबून क्लच अर्धा सोडायला लावलास, झटका कुठल्या कॉइलबरोबर जागा बदलतो हे इंजिनवर हात ठेवून ओळखलंस, आणि तिच्या रबरी टोपीला गेलेली केसाएवढी चीर मला भिंगातून दाखवलीस. ठिणगी तिथून हेडमध्ये उतरत होती. नवी टोपी घातली आणि झटका गेला. थरथरत्या हाताने, अडुसष्टाव्या वर्षी. मी म्हणालो, "बघ, सापडलं की नाही." तू म्हणालीस, "हे सापडणारच. ते कसं झालं ते सांग."

मला ते माहीत होतं.

पुढच्या रविवारी तू मल्हारीला बोलावून हत्यारं दिलीस. मल्हारी तुझा विद्यार्थी. दौलताबादच्या पलीकडच्या धनगरवाडीतून आलेला. वडील अजून मेंढरं राखतात, हा हर्सूलला गॅरेज चालवतो. प्रवेशाच्या दिवशी त्याच्या अंगाला लोकरीचा वास येतो म्हणून बाकीची मुलं हसली, तर तू त्याला पहिल्या बाकावर बसवून म्हणाली होतीस, महिन्याभरात सगळ्यांना ऑइलचा वास येईल. ही गोष्ट तो सगळ्यांना सांगतो. त्या रविवारी तो हत्यारं घेईना.

"मॅडम, तुमची हायेत ती. मी कशाला नेऊ?"

"माझा हात गेलाय रे आता. डोकं पण."

"काय बी काय बोलता मॅडम. तुमचं डोकं आमच्यासारख्या तिघांएवढं हाये."

"एकचा दोनात घातला मी. तू घातलास का कधी?"

त्याने हत्यारं उचलली. मी तिथेच बसलो होतो, ताई. माझ्या हातात चहाचा कप होता. मी त्याच्याकडे पाहिलं, तुझ्याकडे पाहिलं आणि चहा प्यायलो.

नंतर मी सांगायला तीन वेळा आलो. पहिल्या वेळी भाऊजींची बहीण आली होती. दुसऱ्या वेळी आपण दोघंच होतो, पण तू गॅसचं बटण बंद आहे का ते तीनदा जाऊन पाहिलंस, आणि मला वाटलं आज नको. तिसऱ्या वेळी तू तपासणी करून आली होतीस. मेंदूच्या डॉक्टरांनी सांगितलं होतं की स्मरणशक्ती वयाच्या मानानं उत्तम आहे आणि हाताची थरथर साधी आहे. मला सुटल्यासारखं झालं. मी म्हणालो, "मग झालं तर." तू रिपोर्ट घडी घालून मला परत दिलास. म्हणालीस, "त्यांना काय, ते प्रश्न विचारतात. प्लग मी डोळ्यांनी पाहिले."

तू मला पुरावा मानायला शिकवलं होतंस. पुरावा तुझ्या तळहातावर होता आणि तो मी बिघडवलेला होता.

मग एकेक गोष्ट सुटत गेली. स्कूटर बंद झाली. शनिवारी आयटीआयमध्ये बिनपगारी शिकवायला जायचीस, ते थांबलं. दूध उतू गेलं तर पूर्वी तू गॅसवर चिडायचीस, आता स्वतःवर चिडू लागलीस. भाऊजींना प्रत्येक गोष्ट पुन्हा बघायला लावायचीस. साडेसातचे फोनही बंद झाले. ऑगस्टात आमच्या पहिल्या पानावर एका धरणाचं नाव चुकलं, दिवसभर मी फोनजवळ बसलो. संध्याकाळी मीच फोन करून विचारलं, पेपर वाचला का. तू म्हणालीस, "वाचला रे. मला वाटलं माझंच चुकतंय."

त्या संध्याकाळी तरी बोलायला हवं होतं. मी म्हणालो, धरणाचं नाव आमचंच चुकलंय. तेवढंच म्हणालो. आमच्याकडे चूक झाली की दुसऱ्या दिवशी त्याच पानावर दुरुस्ती देतात. ती धरणाचीही दिली.

ऑक्टोबरात तू गेलीस. झोपेत, हृदय थांबून. भाऊजी म्हणतात, त्रास झाला नाही. झोपण्याआधी तू त्यांना कडी पाहून यायला सांगितलं होतंस. ते पाहून आले, आणि तू म्हणालीस, पुन्हा पाहा.

शोकसभा आयटीआयच्या वर्गात झाली. फळ्याजवळ तुझा फोटो होता. बोलणाऱ्यांत मल्हारी शेवटचा. त्याला बोलायची सवय नाही, कागदही आणला नव्हता. तो म्हणाला, "मॅडम लई कडक व्हत्या. पर एक सांगतो. तीस वर्सं आमाला शिकवलं, प्लगचा क्रम चुकवू नका, आन् म्हातारपणी सोताकडून चुकला तर लपवला नाय. दुसऱ्यावर ढकलला नाय. मला बोलावून सांगितलं, माझ्याकडून चूक झाली, आता हत्यारं तू घे. असं कोण सांगतं? मी माझ्या गॅरेजातल्या पोरांना हीच गोष्ट सांगतो." लोकांनी डोळे पुसले. भाऊजी मान हलवत होते. मग मला कुटुंबाच्या वतीनं आभार मानायला सांगितलं. मी आभार मानले.

बाहेर गाड्यांजवळ मी मल्हारीला गाठलं आणि सगळं सांगितलं. सोमवार, वर्कशॉप, ताटली, मे महिन्यातलं माझं "नाही". चार-पाच वाक्यांत झालं. त्याने मधे तोडलं नाही.

मग म्हणाला, "म्हंजी मॅडम चुकल्याच नव्हत्या?"

"नाही."

"आन् तुमी तवा तिथं बसले व्हते. मी हत्यारं नेली तवा."

"हो."

मला वाटलं तो शिवी देईल. दिली असती तर बरं झालं असतं.

"सर, मी पयले दर आठ-पंधरा दिसाला जायचो मॅडमकडं. काय अडलं की इचारायला. टर्बोची गाडी आली की जायचोच. हत्यारं घेतल्यापून गेलो नाय. म्हणलं, इचारलं आन् त्यांना नाय आठवलं तर त्यांना वाईट वाटंल. चार गाड्या अडल्या माझ्या. दुसरीकडं पाठवल्या, पर गेलो नाय."

मी खिशातली गाडीची किल्ली चाचपली.

"त्या वाट बघत असतील का व्हो सर?"

मला माहीत होतं. जूनपासून तू मला प्रत्येक भेटीत विचारायचीस, मल्हारीचं गॅरेज बंद पडलं का रे. मी म्हणायचो, चालू आहे, कामात असेल. तू म्हणायचीस, बरोबर आहे, आता मला काय विचारायचं.

मी मल्हारीला म्हणालो, "नाही. तशी ती काही बोलली नाही."

इतक्या सहजपणे दुसऱ्यांदा खोटं बोललो. त्याला हायसं वाटलं की नाही ते कळलं नाही. त्याने मोटारसायकलला किक मारली. जाताना म्हणाला, पोरांना आता काय सांगू ते कळंना.

भाऊजींना मी अजून सांगितलेलं नाही. ते सध्या येणाऱ्या-जाणाऱ्याला सांगतात की शेवटी तिचं थोडं विसरायला व्हायचं. त्यांना त्याचा आधार आहे. विसरत होती, म्हणजे हळूहळू जातच होती, असं त्यांना वाटतं. तो आधार काढून घेतला तर मागे काय उरतं ते मला दिसतं. आणि नाही काढला, तर तू जशी नव्हतीस तशीच त्या घरात राहणार. मी रोज संध्याकाळी जातो, त्यांच्याबरोबर चहा घेतो, परत येतो.

ताई, तू क्रम चुकवला नव्हतास. एकचा एकात होता, दोनचा दोनात, तीनचा तीनात. तुझ्या हातानं बसवलेले प्लग बरोबर होते.

काल हे मोठ्यानं म्हणून पाहिलं. घड्याळ लावून. आठ सेकंद लागतात.